कडव्यातला लिंबाजी

स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं मातीत कसं घालायचं, हे शिकायचं असंल तर माझ्यापाशी या. फुकट शिकवतो! आधी चहा घ्या. चहा गार झाला की माझा किस्सा अजूनच कडू लागतो.

मी औशाचा लिंबाजी. धंदा पाट्या रंगवायचा. लातूर नवा जिल्हा झाला तवा माझी चंगळ होती बघा. शाळा म्हणू नका, दवाखाना म्हणू नका, जिथं तिथं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडायचं आन 'जिल्हा लातूर' लिहायचं. पाऊस न्हाई, विहिरी कोरड्या. भिंतीला चुना द्यायला बादलीभर पाणी मिळंना, पण जिल्हा मात्र कसा? ताजा ताजा!

गाणी रचायचा नाद वडलांकडून आला. ते गायन पार्टीत होते, चौदा एप्रिलच्या जयंतीला गावोगाव गायचे.

तर त्या दुष्काळात लातूरच्या कॉलेजातले एक सर नाटक बसवत होते, 'नवा जिल्हा, जुनी घागर'. पडदा रंगवायला मला बोलावलं. ब्रश चालवता चालवता मी गुणगुणलो. सर थबकले.

"पेंटर, कुणाचं हो हे गाणं?"

"माझंच की सर."

"अहो, मग नाटकाला द्या की! अजून लिहा!"

मी पाघळलो. सगळी गाणी लिहून दिली. पेटी वाजवायला माझा दोस्त रहीम होता. त्यानं मला बाजूला घेतलं.

"लिंबाजी, गाणी दिलास. नाव कुठं येणार तुझं?"

"सर म्हणले, कलावंतात कसला करार? नाव आपोआप होतं."

"आपोआप गवत उगतं, भाई. तेबी यंदा उगलं न्हाई! पक्कं कर काहीतरी."

मग मला वडलांची युक्ती आठवली. ते शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. गाणं कुणीबी गावो, नाव संगं जाणारच. चोराला नाव काढायचं म्हणलं तर अख्खी ओळ मोडावी लागती! मी रातोरात शहाणा झालो आन कडवं जोडलं:

'नव्या जिल्ह्याची लागली पाटी, नळाला न्हाई पाणी,
लिंबाजी म्हणे, रित्या घागरी गातात आमची गाणी.'

तालमीत सगळे डोलले. सरांनी हात वर केला. "थांबा. हा लिंबाजी कोण?"

आता बघा! सर मला कायम 'पेंटर' म्हणायचे. माझं नाव त्यांना ठावंच नव्हतं. मी नुस्तं म्हणायचं होतं, 'मीच तो.' दोन शब्द! पण समोर कॉलेजच्या पोरी, ते शिकलेले नट. आपणच आपलं नाव काय घ्यायचं? मी लाजलो. चांगला बाप्या माणूस, नव्या नवरीवाणी लाजलो आन म्हणलो, "असंल की सर… गावातलाच एक माणूस."

रहीमनं कपाळ बडवून घेतलं.

सर मात्र उडाले! "वा पेंटर! गावातला एक माणूस! नाटकात नेमकं हेच पात्र कमी होतं!"

पहिल्या प्रयोगाला मी इस्त्रीचा सदरा घालून बायकोसंगं पुढच्या रांगेत. पडदा वर गेला. टँकर आला म्हणून गलका झाला आन एक येडबंबू धडपडत आत आला. फाटकं धोतर, तोंड उघडं. टँकरखाली घागर धरली, तीबी उलटी! पाणी सगळं डोक्यावर.

"अरे लिंबाजी, घागर उलटी हाय!" नट ओरडला.

"मग टँकर उलटा करा की!" येडबंबू म्हणला.

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायला लागले. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "अवं, ह्यानं तुमचं नाव कशाला घेतलंय?"

काय सांगू तिला? मीच दिलंय म्हणू?

शेवटी गाणं झालं, लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. सरांचा सत्कार झाला, हार पडले. सर म्हणाले, "ही गाणी मला दुष्काळी गावातून फिरताना सुचत गेली." अहो, गावातून फिरताना! माणूस लातूरच्या चौकाबाहेर गेला न्हवता!

मी तडक रंगपटात. "सर, लिंबाजी मीच हाय."

सरांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी त्यांच्या. "पेंटर, आज प्रत्येकालाच वाटतंय की लिंबाजी मीच. हीच तर नाटकाची ताकद!"

"न्हाई हो सर, खरंच! नाव हाय माझं ते!"

"अगदी, अगदी," म्हणाले आन दुसऱ्या हाराकडं वळले. रहीम मधी पडला, "सर, ये सच्चीमुच्ची लिंबाजी है!" तर नट मंडळी त्यालाच टाळ्या द्यायला लागली.

मी म्हणलं, थांबा. अहमदपूरच्या प्रयोगाची पाटी माझ्याच हातात होती. कुणाला न विचारता, नाटकाच्या नावाखाली हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'गीते : लिंबाजी'. लाल रंगात! आन पाटीशेजारी छाती काढून उभा राहिलो.

लोक आले. वाचलं. आन हसले! "आरं, त्या येडबंबूनंच गाणी लिहिली म्हनं! लई भारी काढलंय!" सरांनी पाठ थोपटली माझी. "काय विनोद सुचला, पेंटर! पुढेही असंच लिहा."

हे असं. जेवढं सांगावं तेवढं नाव खोल चाललं. चाकुराच्या बाजारात बाया टँकरच्या रांगेत उभ्या राहून माझं गाणं गायच्या. मी एकीला म्हणलं, "बाई, हे मी रचलंय." ती म्हणली, "हाव, आन टँकर मी रचलाय!" पोरगी शाळेतून रडत आली, 'बाबा, तुमी दुसरं नाव घ्या.'

त्या नाटकात मला सोडून सगळ्यांचं भलं झालं.

पण ऐका, एक दिवस देव… नव्हं, आमी देव मानत न्हाई, एक दिवस नांदेडचा एक माणूस पत्ता काढत दारात आला. पाणीटंचाईवर कलापथक काढत होता. म्हणला, "ती गाणी तुमचीच ना? मला रहीमभाईंनी सांगितलं. मी तुमच्या नावासकट घेणार. पाटीवर, पत्रिकेत, सगळीकडं नाव!"

मला भरून आलं. बायको चहा टाकायला उठली.

"फक्त," तो घुटमळला, "आमचं नाटक गंभीर हाय. लिंबाजी नाव ऐकलं की लोक आधीच हसतात. दुसरं कुठलंबी नाव द्या, तेच टाकतो. वचन!"

मी लई विचार केला. वडलांचं घ्यावं, पोरीचं घ्यावं? त्या नावाचाबी एखादा येडबंबू निघाला तर?

शेवटी म्हणलं, "साहेब, तुमी 'पारंपरिक' लिहा. त्याला तरी कुणी हसत न्हाई."