लॉरीची मागची टाकी

आमचे आबा गेले तेव्हा मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि एक जुनी लॉरी राहिली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा आणि मग लॉरीचं आता कसं होणार, हे विचारायचा.

प्रश्न रास्त होता. महाड-पोलादपूर तांदूळ आणि कोळसा वाहणारी ती लॉरी आबांशिवाय कुणाचं ऐकत नसे. थोरला दत्तूदादा शेती करायचा. लॉरी सुरू करायला पुढून फिरवायच्या हॅण्डलाने एकदा उलटा झटका देऊन त्याचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून तो तिच्या वाटेलाच जात नसे. मी मुंबईला मोटारींच्या गॅरेजात फिटर. म्हणजे ती चालवू शकणारा घरात मी एकटाच, आणि मला तर तेरावं उरकून मुंबई गाठायची होती.

वैशाख होता. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. विहिरीचा तळ दिसत होता आणि ओढ्यात नुसते गोटे. दहाव्याला भावकी येणार, पाणी आणायचं कसं, म्हणून घरातले सगळे खाली मान घालून बसले होते. तेव्हा मी तोंड उघडलं. (एरवी घरात माझं कुणी ऐकत नसे. त्या दिवशी ऐकलं.)

लॉरीला पेट्रोलच्या दोन टाक्या होत्या. एक सीटखाली, रोजच्या वापरातली. दुसरी मागे, आधीच्या मालकाने बसवलेली. तिची नळी कधीच तुटून गेली होती, त्यामुळे आबांच्या काळात ती रिकामीच लटकत राहिली. मी म्हटलं, हीच धुऊन घेऊ आणि पोलादपुराहून भरून आणू. मग कढत पाणी, राख, चिंच, सगळं तिच्या पोटात घालून मी दिवसभर ती खळबळली. शेवटी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. मुंबईच्या नळापेक्षा गोड लागलं, आणि तसं मी चारचौघांत सांगूनही टाकलं.

दहाव्याच्या सकाळी भरलेली लॉरी वाडीखाली आणून उभी केली. भावकीतली माणसं घोटभर पाणी प्यायची आणि भांडं खाली ठेवायची. दुःखात माणसाला तहानसुद्धा लागत नाही, असं मनात येऊन मला भरून आलं.

ओढ्याच्या काठी भटजींनी त्याच पाण्यात भात शिजवला, पिंड मांडले आणि आम्ही लांब जाऊन बसलो. समोरच्या आंब्यावर कावळे भरपूर होते. एक उतरला, पिंडाजवळ गेला, मान वाकडी केली आणि उडून गेला. दुसऱ्यानेही तेच केलं. ऊन चढत चाललं. आबांचा जीव कशात तरी अडकलाय, अशी कुजबुज सुरू झाली.

भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववायचं सुचवलं. आमचे धाकटे चुलते, बाळूकाका, ऐकेनात. ते हात जोडून पुढे गेले आणि बांधावरच्या ज्या फणसासाठी आयुष्यभर आबांशी भांडले, तो त्यांनी आम्हाला देऊन टाकला. कावळा हलला नाही. दादाने दारू सोडली. तरी नाही. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

आबांना मी शेवटचं भेटलोही नव्हतो. पिंडापुढे जाऊन म्हटलं, "आबा, मी मुंबई सोडतो. लॉरी मी चालवीन. तुम्ही आता सुटा." आणि लहान पोरासारखा रडलो.

कावळ्याने पंखसुद्धा उचलला नाही.

बाळूकाका मला उठवायला आले ते पिंडाजवळ वाकले आणि तसेच थांबले. "अरं दत्तू," ते दादाकडे वळून म्हणाले, "ह्या भाताला पेट्रोलचा वास येतोय."

मग कळलं की वास सकाळपासून सगळ्यांनाच येत होता. पण तो माझ्या अंगाला येतोय, गॅरेजातला माणूस, असं समजून दुःखाच्या घरी कुणी बोललं नव्हतं. मला तो आलाच नव्हता. तो माझ्या नाकाला रोजच्या हवेसारखा झाला होता. घरच्या हंड्यातलं पाणी आणून भटजींनी नवा भात टाकला. पिंड ठेवून हात मागे घेतात न घेतात तोच कावळा तुटून पडला.

मी हळूच काकांना म्हटलं की मग आमचं मघाचं बोलणं रद्द धरायला हरकत नाही. काकांनी लांबूनच बांधावरच्या फणसाकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाले, "मेल्या माणसाला दिलेला शबुद हाय. माघारी घ्यायचा नाय."

तेरावं झाल्यावर मी पाचाडला गेलो. बायको बाळंतपणासाठी माहेरी होती. मुंबईची खोली आता सुटली, हे तिला सांगायचं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "म्हंजे मामंजींनी जाता जाता ह्येच मागितलं व्हय?"

"नाही गो," मी म्हटलं. "त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. मीच देऊन बसलो."