लाल गाठीची खुर्ची

गादीमास्तरांनी जेवढी जहाजं आतून पाहिली होती, तेवढी एखाद्या कप्तानानंही पाहिली नसतील. फरक एवढाच की मास्तरांनी पाहिलेलं प्रत्येक जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. बंदरातल्या दुरुस्तीच्या कारखान्यात अडतीस वर्षं त्यांनी प्रवासी जहाजांच्या खुर्च्या आणि सोफे उसवले, भरले, शिवले. जहाज निघायचा भोंगा झाला की हत्यारांची पेटी उचलायची आणि खाली उतरायचं. निवृत्त झाल्यावर कुणी विचारायचं, "मास्तर, एवढी जहाजं सजवलीत, कधी बसून गेलात का?" मास्तर म्हणायचे, बसलो तर सगळ्यांत, गेलो मात्र कुठंच नाही.

बसलो हे अगदी खरं होतं. कारखान्यात त्यांचा स्वतःचा एक नियम होता आणि तो त्यांनी साहेबांपुढंही कधी मोडला नाही. खुर्ची भरून झाली की मास्तर अर्धा कप चहा घेऊन तिच्यावर बसत. चहा संपेपर्यंत एकदाही सरकून बसावंसं वाटलं नाही तर खुर्ची पास. त्याआधी बूड हललं की खुर्ची नापास, पुन्हा उसवायची, मग साहेब कितीही आदळआपट करोत. या नियमापायी मास्तरांच्या पोटात रोज बादलीभर चहा जाई, आणि त्यांच्या पित्ताचं खापर मास्तरीणबाई घरबसल्या सगळ्या जहाज कंपन्यांवर फोडत.

मास्तरीणबाई म्हणजे मास्तरांची बायको. शाळेशी तिचा काही संबंध नव्हता, ती टपाल कचेरीत खिडकीवर होती. पण नवरा मास्तर म्हटल्यावर शेजाऱ्यांनी तिलाही पदवी देऊन टाकली. बाई तोंडानं खमकी आणि मनानं लोण्यासारखी. बारा वर्षांपूर्वी ती जिन्यावरून घसरली आणि कंबरेनं जो दावा धरला तो सोडलाच नाही. मास्तरांनी तिच्यासाठी घरची खुर्ची नव्यानं भरली, पलंगावरची गादी स्वतः शिवली. त्या दोन जागा सोडल्या तर जगात तिला कुठं चैन पडत नसे. लेकीकडं म्हणून ती चार दिवसांचे कपडे घेऊन जाई आणि त्याच संध्याकाळी परत येई. लेक रुसून बसे. मास्तर दोघींची समजूत काढत आणि दोघींकडून बोलणी खात.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा लेक आणि जावई एक लिफाफा घेऊन आले. सात दिवसांची समुद्रसफर. जहाज कोणतं ते बाबांनीच ठरवायचं, असं लेकीनं सांगितलं. मास्तरांनी उठून तोंड धुतलं, पुन्हा येऊन बसले, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा तोंड धुऊन आले.

मास्तरीणबाईंनी नवऱ्याचा ओला चेहरा पाहिला आणि नाही म्हणायचं गिळलं. पण अट घातलीच.

"येईन मी. एक रात्र झोपून बघेन. पाठीनं नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी जे बंदर येईल तिथं उतरून बसनं घरी. तुम्ही खुशाल पुढं जा, माझं काही म्हणणं नाही."

खुशाल पुढं जाणाऱ्यातले मास्तर नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. ती उतरली की तेही उतरणार. म्हणजे अडतीस वर्षं मनात जपलेला समुद्र सात दिवस मिळणार की एकच, हे आता एका कंबरेच्या हातात होतं. मास्तरांनी जहाजाची निवड अशी मनावर घेतली की जावई शोधतानासुद्धा त्यांनी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. जावयानं हे स्वतःच हसत हसत बोलून दाखवलं.

लेकीनं तीन जहाजांची रंगीत पत्रकं आणली. मास्तरांनी पत्रकं बाजूला ठेवली. चित्रात सगळ्याच खुर्च्या मऊ असतात, असं त्यांचं मत. बंदराच्या फाटकावर अजून त्यांच्या ओळखीची माणसं होती. जहाज धक्क्याला लागलं की थर्मासमध्ये चहा भरून मास्तर निघत आणि तासाभरात पाहणी करून परत येत.

पहिलं जहाज नवंकोरं, उभ्या पेठेएवढं. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, चौदा उपाहारगृहं, बर्फाचं मैदान. लेकीचा सगळा जीव त्याच्यावर. मास्तर दिवाणखान्यात बसले आणि दोन घोटांत सरकले. खुर्ची दिसायला राणीसारखी, पण बसलं की गुडघे छातीला लागत. शिवाय जेवणाच्या जागेपासून खोलीपर्यंत त्यांनी पावलं मोजली. सहाशे चाळीस भरली. एवढं चालून मास्तरीणबाई पुन्हा जेवायला येणार नाहीत, आणि आल्या तर जे बोलतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं.

दुसऱ्या जहाजाचा चहा जवळजवळ संपत आला होता. पण मास्तरांनी भिंतीला तळहात लावून पाहिलं तर धक्क्याला उभ्या असलेल्या जहाजातही यंत्राची थरथर हाताला लागत होती. दरवाजेही धाडधाड आपटत. घरी येऊन त्यांनी सांगितलं, ते जहाज नाही, चक्की आहे.

तिसरं जहाज जुनं आणि लहान. पत्रकात त्याचं चित्रसुद्धा कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढं. आत पाऊल टाकलं आणि मास्तरांना घरी आल्यासारखं वाटलं. वाचनालयातल्या चोवीस हिरव्या खुर्च्या त्यांनीच भरलेल्या होत्या, बारा वर्षांपूर्वी. जिन्याच्या पायऱ्या बुटक्या, दोन्ही बाजूंना हाताला बरोबर येणारे कठडे, दारांना कडेनं लोकरीची पट्टी, त्यामुळं दार लागल्याचं कळतही नाही. मधल्या मजल्यावर, जहाजाच्या अगदी पोटात, हलणं कमीत कमी. तिथंच खोली घ्यायची. मास्तर दाराजवळच्या हिरव्या खुर्चीत बसले. कप रिकामा झाला, वर झाकणात राहिलेला चहाही संपला, पण सरकावंसं वाटलं नाही. जहाज ठरलं.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत होती. त्या चोवीस खुर्च्यांतली एक नापास होती. शेवटची खुर्ची झाली तेव्हा मास्तर तिच्यावर बसले आणि चहा संपायच्या आत सरकले. पाठीत मध्येच काहीतरी पुढं ढकलत होतं. उसवायला घेणार तोवर भोंगा झाला. मास्तरांनी घाईघाईनं आसनाखाली लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली. जहाज परत आलं की ही आधी उघडायची. जहाज दुरुस्तीला पुन्हा त्यांच्या कारखान्यात कधी आलंच नाही. अडतीस वर्षांत नियम मोडून गेलेली ती एकच खुर्ची. बारा वर्षं मास्तर तिची आठवण काढत होते आणि मास्तरीणबाई ती गोष्ट ऐकून ऐकून कंटाळल्या होत्या.

निघायच्या दिवशी लेक धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती. जहाजाचा भोंगा झाला आणि मास्तर सवयीनं ताडकन उठले, पायाशी हत्यारांची पेटी शोधू लागले. मास्तरीणबाईंनी शर्टाला धरून त्यांना खाली बसवलं. जमीन मागं सरकत गेली तसे मास्तर लहान पोरासारखे एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्याकडं धावले. पाणी दोन्ही बाजूंना होतं. त्यांनी दोन्हीकडं ते पाहून खात्री करून घेतली.

मग ते वाचनालयात गेले आणि एकेका खुर्चीखाली हात घालून लाल गाठ शोधू लागले. वाचत बसलेल्या एका गृहस्थांना वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. तेही बिचारे गुडघ्यावर आले. काय शोधायचं ते न विचारताच दोघांनी मिळून तेवीस खुर्च्या चाचपल्या. चोविसावी तिथं नव्हतीच. मोडीत काढली असणार, असं म्हणून मास्तर उठले. बरं वाटायला हवं होतं, पण उगाच वाईट वाटलं.

घोटाळा रात्री उघड झाला. तिन्ही जहाजांत मास्तर खुर्च्यांवर बसले होते, पलंगावर एकदाही आडवे झाले नव्हते. बसणं तपासलं की सगळं तपासलं, हा जन्माचा शिरस्ता. पलंगावरची गादी नवी होती आणि मळलेल्या कणकेसारखी मऊ. मास्तरांना त्यावर लगेच झोप लागली. मास्तरीणबाईंची कंबर मात्र खड्ड्यात गेली ती सकाळपर्यंत वर आली नाही.

सकाळी त्यांनी भांडण केलं नाही. मास्तरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. जहाज दहा वाजता बंदराला लागलं, चार वाजता निघणार होतं. मास्तरीणबाईंनी आपली पिशवी भरली आणि नवऱ्याला सांगितलं की त्यांनी राहावं, तिला खरंच राग नाही. मास्तरांनी स्वतःचे दोन सदरे तिच्याच पिशवीत कोंबले आणि दोघांच्या उतरण्याची नोंद करायला खिडकीवर गेले. रांग मोठी होती. गोल खिडकीतून पाणी दिसत होतं आणि मास्तर तिकडं बघायचं टाळत होते.

परत आले तर खोलीत बायको नाही. खोल्या आवरणारी बाई म्हणाली, मावशी चहा घेऊन वाचनालयाकडं गेल्या. मास्तर शोधत गेले. वाचनालयाच्या मागं, खांबाआड, समुद्राकडं उघडणारा एक अरुंद सज्जा होता आणि कुणीतरी शहाण्यानं एक हिरवी खुर्ची ओढून तिथं ठेवली होती. मास्तरीणबाई तिच्यात बसल्या होत्या.

"बस साडेतीनची आहे," मास्तर म्हणाले. "निघू या?"

"चहा तर संपू द्या."

मास्तर समोरच्या पायरीवर टेकले. एरवी ही बाई चहा उभ्या उभ्या, दोन घोटांत संपवणारी. आज ती कपाच्या कडेला नुसते ओठ लावत होती. मास्तर समुद्राकडं बघत होते, पण नजर धंद्यातली; ती आपोआप खुर्चीकडं वळली. पाठ टेकलेली. खांदे सैल. पाय जमिनीवर सपाट. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाई हलली नाही. बारा वर्षांत घराबाहेर त्यांनी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मास्तर उठले, तिच्यापुढं गुडघ्यावर बसले आणि खुर्चीखाली हात घातला. बोटाला गाठ लागली.

"अगं, ही तीच आहे," ते म्हणाले. "नापास झालेली."

आणि बोलता बोलताच त्यांना उमगलं. ही खुर्ची भरली त्याच आठवड्यात ते रोज संध्याकाळी घरी हिची खुर्ची भरत होते. कंबरेच्या जागी भरणाची गुंडाळी किती घट्ट, किती वर, हे हातात इतकं बसलं होतं की शेवटच्या खुर्चीत हातांनी मालकाला न विचारता तेच केलं. पाठीत काहीतरी पुढं ढकलतंय म्हणून मास्तर सरकले होते. ते ढकलणं त्यांच्यासाठी नव्हतंच.

हे ऐकून मास्तरीणबाई इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत आला.

"म्हणजे अडतीस वर्षं साऱ्या जगाला तुम्ही तुमच्याच पाठीनं बसवलंत."

मास्तर ओशाळले. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिन्ही जहाजांत तिला सोबत न्यावं असंही सुचलं नव्हतं. तसं त्यांनी कबूल केलं आणि चुकलो म्हणाले. चाळीस वर्षांत हा शब्द त्यांनी अगदी मोजक्या वेळा वापरला होता, त्यामुळं तो अजून नवाच होता.

साडेतीनची बस धक्क्यावरून सुटलेली दोघांना सज्ज्यातून दिसली. उतरण्याचा चिठोरा मास्तरांच्या खिशात होता. चार वाजले, भोंगा झाला. या वेळी मास्तर उठले नाहीत, पण जीव मुठीत धरून बायकोकडं बघत राहिले.

"भोंगा झाला," ते म्हणाले.

"ऐकला मी. चहा आहे अजून माझा."

"आणि रात्रीचं काय करायचं?"

"ते तुम्ही बघा. गादीमास्तर आहात ना?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि इथं तोंड धुवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. बायकोला थोडं पुढं वाकायला सांगून त्यांनी खुर्चीच्या पाठीतला उंचवटा वितीनं मोजला: एक वीत, चार बोटं. दोन घोंगड्या घट्ट गुंडाळून, शिवून कमरेखाली घातल्या की काम होईल. सुईदोरा खिशात होताच. खोल्या आवरणाऱ्या बाईंकडं घोंगड्या मागायच्या होत्या. सात दिवसांतले सहा अजून शिल्लक होते.

मास्तरीणबाईंनी शेवटचा घोट घेतला, कप नवऱ्यासमोर उलटा करून दाखवला आणि कारखान्यातल्या साहेबाच्या थाटात म्हणाल्या, "पास."

मास्तरांनी खिशातली छोटी कात्री काढली, खुर्चीखाली वाकले आणि लाल गाठ कापून टाकली.