पाठमोऱ्या वन्सं

बाळांनो, लहान मुलांना मदत न करण्यासाठी माझ्या थोरल्या नणंदेनं जेवढे कष्ट उपसले, तेवढे साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी मदत करण्यासाठीही उपसले नसतील. तुमच्या आईची ती आत्या. मी त्यांना वन्सं म्हणत असे. सत्तावन्न साली आम्ही दारव्ह्याला होतो. आजोबा कचेरीत, मी इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली. घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि प्रत्येक कामाला वेळ. मग घाटंजीहून वन्सं कायमच्या राहायला आल्या, आणि दोन्ही संपलं.

आळीतली सात-आठ पोरं त्या आमच्या ओसरीवर जमवत आणि त्यांच्या हाताला काही ना काही काम देत. पोरगं अडलं की मोठ्यांच्या तोंडाकडे बघतं. वन्संकडे कुणी बघितलं रे बघितलं, की त्या गर्रकन पाठ करून भिंतीकडे तोंड करत. "माह्या तोंडावर उत्तर लिहून हाय काय? हातातल्या कामाकडे पाह्य!" एकदा त्यांनी पोरांना तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. शेंगा आमच्या त्या दिवसाच्या आमटीच्या होत्या. आजोबा ताकभात खाऊन कचेरीत गेले आणि आमटी दुपारी तीनला झाली. मी चिडले तर म्हणाल्या, "वहिनी, आमटी उद्या बी होते." शेजारच्या सायकलवाल्यांची सलमा माठातून पाणी घेताना निम्मं माझ्या सारवलेल्या जमिनीवर सांडायची. फडकं घेऊन धावले की वन्सं मलाच अडवत. "सांडलं तिनं, पुसन बी ते. तुम्ही कायले धावता?"

खरी चिंता तुमच्या आईची होती. साडेपाच वर्षांची झाली, तरी माझ्या तोंडाकडे बघितल्याशिवाय तिला भूक लागली की नाही तेसुद्धा सांगता येत नसे. जूनमध्ये शाळेत घालायची, आणि मुख्याध्यापक प्रश्न विचारणार. मी महिनाभर नाव, गाव, जिल्हा, वार घोकून घेतले. वन्सं तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसत.

शाळेत नाव घालायच्या दिवशी झग्याची बटणं तिनंच लावावीत असा वन्संनी हट्ट धरला. अर्धा तास उशीर, शिवाय एक बटण वरचं खाली! मुख्याध्यापकांनी नाव विचारलं. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवणार, तोच वन्संनी खांदा धरून मला खुर्चीसकट वळवलं आणि स्वतःही वळल्या. दोघी नणंदा-भावजया मुख्याध्यापकांकडे पाठ करून बसलो. शरमेनं माझे कान तापले.

"बाई, माझं काही चुकलं का?" ते बिचारे म्हणाले.

"नाही मास्तर, तुमचं चालू द्या," वन्संनी भिंतीला सांगितलं.

मग बारीक आवाजात नाव आलं, गाव आलं. घोकलेलं सगळं आलं. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी भलतंच विचारलं, "बैलगाडीच्या चाकाला आरे किती?"

हे काही मी घोकून घेतलं नव्हतं. संपलं, असं मी मनात म्हटलं.

"माहीत नाही," तुमची आई म्हणाली. "बाहेर गाडी उभी आहे. मोजून येते." आणि गेली! एकटी! परत आली ती वंगणानं माखलेले हात नव्या झग्याला पुसत. "बारा." मुख्याध्यापक स्वतः उठून मोजायला गेले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

झग्याचे डाग काही निघाले नाहीत. ते मी वन्संना वर्षभर ऐकवलं.

पाचवीला तुमची आई नागपूरला माझ्या माहेरी शिकायला निघाली. मोटारस्टँडवर आपली ट्रंक तिनंच उचलली. दोनदा खाली ठेवली, पुन्हा उचलली. वन्सं पाठ फिरवून उभ्या. आज तरी पोरीकडे बघावं की नाही? रागानं मी त्यांच्या समोर गेले, तर पदराचा बोळा तोंडात दाबलेला, आणि दोन्ही हात एकमेकांत गच्च धरलेले. सुटले असते तर ट्रंकेकडेच गेले असते.

मग मीही त्यांच्या शेजारी पाठ करून उभी राहिले. मोटार सुटल्याचं आम्ही दोघींनी नुसतं ऐकलं.