हौगांगचे बारूददान

लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, तेव्हा फळ्यावर दुसऱ्यांचे सिद्धांत लिहिण्याची सवय आहे. स्वतःविषयी चार ओळी लिहिताना मात्र हात अवघडतो. पंचावन्नाव्या वर्षीचा हा आगाऊपणा वाचकांनी पोटात घालावा.

माझे सासरे गेल्या वर्षी पुण्याहून परदेशी, आमच्याकडे पुंगोल या उपनगरात आले. सासूबाईंच्या माघारी ते एकटे राहत, आणि एकदा न्हाणीघरात घसरून दोन तास तसेच पडून होते. ते कायमचे आमच्याकडे राहावेत, एवढीच माझी इच्छा होती. "दसऱ्यापर्यंत बघतो," असे म्हणून त्यांनी परतीचे तिकीट जवळ ठेवले.

बाबांचा उभा जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून गेला. घरात पूर्वी ठासणीची बंदूक होती. परवान्याच्या भानगडीत ती पोलीस ठाण्यात जमा झाली. उरले ते तिचे बारूददान, म्हणजे बंदुकीची दारू भरून ठेवण्याची पितळी कुपी. दर खंडेनवमीला तेच पाटावर पुजले जाई. पुण्याचे घर आवरताना तेही हरवले.

"लॅपटॉपला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात मी काय करू?" बाबा म्हणाले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे पती, संगणक अभियंता आहेत.

मी मात्र, न विचारता, शस्त्र मिळवून देण्याचे वचन देऊन बसले. या शहरात बंदूक मागवणे म्हणजे आपण होऊन तुरुंगाचा पत्ता विचारणे. म्हणून जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावांत मी नुसते रिकामे बारूददान शोधू लागले. पहिली बोली जिंकले, तर विक्रेत्याने वस्तू सापडत नसल्याचे कळवले. दुसरी जिंकले, तेव्हा त्या विक्रेत्याच्या पत्नीला तीच वस्तू फुलदाणी म्हणून एकाएकी आवडू लागली.

"सूनबाई, शस्त्र कुठवर आलं? टॅम्पिनीस स्टेशन तरी ओलांडलं का?" बाबा रोज चहाबरोबर विचारत.

तिसरे बारूददान हौगांग या जवळच्या उपनगरातल्या एका वृद्ध चिनी गृहस्थांचे होते. नवमीला चार दिवस असताना तीही बोली मी जिंकले. आता खरे तर पत्ता विचारून वस्तू आणायची. पण आमच्या घरी कोणाची जुनी वस्तू अशी ओरबाडून आणण्याची रीत नाही. घेणाऱ्याने आधी "नको, नको" म्हणायचे, देणाऱ्याने आग्रह करायचा, मग वस्तू हलायची. त्या रीतीला स्मरून मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले: 'इतक्या वर्षांची वस्तू देताना मनाला यातना होत असतील, तर कृपया संकोच करू नये.'

दहा मिनिटांत उत्तर आले. 'संकोचच वाटत होता. तुम्ही विचारलेत, बरे झाले. विकत नाही.'

पतींनी ते दोनदा वाचले. "अगं, तू खरेदी करत होतीस की सांत्वन? लिलाव जिंकून विक्रेत्याची समजूत घालणारी जगात तू एकटीच!"

मी ते बाबांना सांगितले. ते म्हणाले, "विकत नाही म्हणाला ना? दाखवत नाही असं तर नाही म्हणाला. विचार त्याला."

नवमीच्या सकाळी आम्ही दोघे झेंडूची फुले घेऊन हौगांगला पोचलो. यजमानांनी दार उघडले. बारूददान त्यांनी पोटाशी घट्ट धरले होते. मी चाचरत पूजेचे सांगितले. त्यांनी फुलांकडे पाहिले, बाबांकडे पाहिले.

"फ्लॉवर कॅन," ते म्हणाले. "सेलिंग कॅनॉट लाह." इथल्या इंग्रजीत याचा अर्थ: फूल खुशाल वाहा, विकणे मात्र जमणार नाही.

जेवणाच्या टेबलावर बाबांनी रुमाल अंथरला, कुपीला कुंकू लावले, फूल वाहिले आणि हात जोडले. मग, जन्माची खोड, झाकण उघडून पाहिले. ते अडकले होते. "स्प्रिंग गंजलीय," ते मराठीतच म्हणाले. यजमानांनी न विचारता आतून हत्यारांची पेटी आणली. ते जहाजांच्या इंजिनांवर काम करून निवृत्त झाले होते, हे त्या पेटीवरूनच कळले. दीड तास दोन पांढरी डोकी एका स्प्रिंगवर वाकलेली होती. मी चहा करून दिला. तो तसाच निवला.

लिफ्टजवळ बाबा म्हणाले, "गुरुवारी मोठी पक्कड घेऊन यायला सांगितलंय त्यानं."

"गुरुवारी तर तुमचं विमान आहे, बाबा."

"मग तिकिटाचं बघा काहीतरी," ते लिफ्टचे बटण दाबत म्हणाले.

तेव्हापासून दर गुरुवारी बाबा हौगांगला जातात. त्या दोघांकडे आता मोडकी घड्याळे आणि शेजारच्यांचे पंखेही येतात, असे ऐकते.

परवा लिलावाच्या पानावर तेच बारूददान पुन्हा दिसले. छायाचित्रात झाकण उघडे आहे आणि बाबांनी लावलेले कुंकू अजून पुसलेले नाही. यजमान ते खरोखरच विकायला निघाले आहेत, की पुन्हा माघार घेणार आहेत, हे मला कळत नाही. बाबांना विचारले, तर ते हसून चहा पितात. माझी बोली लागली आणि या वेळी त्यांनी दिलेच, तर बारूददान आमच्या पाटावर येईल. पण मग बाबांच्या गुरुवारांचे काय होईल, याची मला धास्ती वाटते. बोलीची मुदत रविवारी संपते आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर बोली लावली असती का?