एका बाजूच्या ज्वाळा

कुंदा जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत उभा फाटलेला होता, आणि तोंडात बघितलं तर टाळूही उघडी. सुईणीने पोर पुसली आणि माझ्याकडे न देता आईकडे दिली. आई म्हणाली, "बघितलंस ना गो ग्रहण? आता हे बघ." रोह्याला माझ्या माहेरी तेव्हा पाच बायका बघत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

ज्यांच्याबरोबर मी ते ग्रहण बघितलं, त्या रिबकाबाई दीड महिन्यापूर्वी पेणला वारल्या. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, रडण्यासारखं काही नाही. पण मातीला आलेला एक म्हातारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चांगली होती, पण तुझ्या पोरीला नडली." इतकी वर्षं झाली तरी हे बोलणं संपत नाही, म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेय, तेवढ्यात बसेल ते लिहीन.

बाई पेणच्या शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवायच्या. बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू. त्यांचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, बाई राहिल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिथे मला बाई कोण म्हणणार?" मुंबईला शिकताना त्यांनी लॅटिन घेतली होती, आणि पेणमध्ये ती बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मला ऐकवायच्या. मी पेणजवळच्या गडब गावची सून, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. शाळेच्या प्रदर्शनासाठी बाईंना ग्रहणातला सूर्य हवा होता, मध्ये काळा गोळा आणि काठाला उसळणाऱ्या ज्वाळा. मी देवामागची प्रभावळ रंगवतात तसा रंगवला. उजवीकडे सात ज्वाळा, डावीकडे सात, वर मधोमध एक मोठी. एका बाजूला जे काढलं तेच दुसऱ्या बाजूला, हात तसाच बसलेला. बाई म्हणाल्या, "मंदे, सुंदर आहे पण खोटं आहे. सूर्य दोन्ही बाजू सारख्या ठेवत नाय. जिथे उसळेल तिथे उसळेल."

"तुम्ही बघितलाय?"

"नाय गो. पुस्तकात."

"मग पुस्तकातलं मी कशाला रंगवू? दाखवा."

कारवारच्या पुढे खग्रास दिसणार होतं. मला सातवा महिना. सासरी सांगितलं की माहेरी जाते, आणि बाईंबरोबर एसटीत बसले. मला कोणी फसवून नेलं नाही. बाई उलट नको म्हणत होत्या, खड्ड्यांनी हाल होतील म्हणून. हट्ट माझा. खाडीकाठच्या एका माळावर आम्ही उभ्या राहिलो आणि सूर्याची शेवटची कड विझेपर्यंत बाईंनी माझे डोळे स्वतःच्या हाताने झाकून ठेवले. मग म्हणाल्या, "बघ आता." तव्यासारखा काळा गोळा, भोवती पांढरा उजेड, आणि काठाला... गुलाबी. राणी रंगाच्या जवळचा, पण आमच्या कुठल्याच डब्यात नसलेला. उजवीकडे दोन जिभा, वर एक ठिपका, डावीकडे काही नाही. तीन मिनिटंही टिकलं नसेल. मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं." त्यांना ऐकू गेलं नाही. त्या रडत होत्या.

परतताना बसमध्ये मी विचारलं, त्या जिभांना नाव काय. इंग्रजीत प्रॉमिनन्स, त्या म्हणाल्या. मूळ लॅटिन, म्हणजे डोंगरकड्यासारखं पुढे निघून आलेलं. धमकीचा इंग्रजी शब्दही त्याच घरातला, कारण तीही अंगावर येते. पांढरा उजेड म्हणजे कोरोना, मुकुट. सूर्याच्या अंगावर बारीक ठिपके असतात, त्यांना दाण्याचा शब्द, आणि काठावर काड्या उठतात, त्यांना कणसाचा. मी म्हटलं, "एवढे शिकलेले साहेब, आणि वर बघून त्यांना आमचं भाताचं शेतच आठवलं?" बाई इतक्या हसल्या की कंडक्टरने वळून बघितलं.

मी सूर्य पुन्हा रंगवला, दिसला तसा. कारखान्याचे मालक म्हणाले, "दुसरी बाजू ग्रहणात गेली काय गो?" आणि घरी, सासरी-माहेरी, कुठे गेले होते ते मीच सांगितलं. लपवायचं काय होतं?

दोन महिन्यांनी कुंदा झाली. तिसऱ्या दिवशी निरोप मिळून बाई पेणहून आल्या, आणि त्याच वेळी गडबहून सासरे. ते अंगणातूनच ओरडले, "हीच ती बाई! हिच्यात ग्रहण पाळत नायत, आमची पोर नासवली. मी नाय घेणार तिला घरात." बाई पायरीवर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ओठ आणि टाळू तिसऱ्या महिन्यापर्यंत जुळतात. ग्रहण सातव्यात होतं. मोजता येतं ना? मोजा." सासऱ्यांनी खरंच बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावर चप्पल घातली आणि गेले.

बाई आत आल्या. पिशवीतून काचेचा ड्रॉपर काढला, उकळून आणलेला. "तिला ओढता येत नाय, गिळता येतं. दूध पिळून काढ." पोरीला उभं धरून थेंब थेंब कसं सोडायचं ते त्यांनी माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. पुढे मुंबईच्या इस्पितळात ओठ शिवला, नंतर टाळू. दोन्ही वेळा बाई रजा काढून बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "मंदे, तुला कधी वाटलं का... माझ्यामुळे झालं?"

बाईंशी खोटं बोलून काय मिळणार? म्हटलं, "वाटलं होतं. तुम्ही येईपर्यंत. तुमच्या ग्रहणाला शिव्या दिल्या आणि पोरीला हात लावला नाही. दूध दाटून आलं, ते मोरीत पिळलं."

बाई म्हणाल्या, "मग तीन दिवस तिला दिलं कोणी?"

"आईने. कापसाने गुळपाणी. तोंडाने मला बोलत होती आणि हाताने तिला पाजत होती."

"एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

तेव्हा ज्याला कुणाला विचारायचं आहे, पोरीला कोण नडलं, त्याने मला विचारावं. तीन दिवस मी तिला पाजलं नाही. कुंदा जगली.