दार घेऊन पळालेला माणूस

लिओनिदासची आई गाठोडं घेऊन केशकर्तनालयात शिरली, तेव्हा त्याचा वस्तरा नेमका वकीलसाहेबांच्या गळ्यावर होता. त्यानं हात झटकन उचलला म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी फेसाबरोबर रक्तही पुसावं लागलं असतं.

तिनं इथं यायचं नव्हतं. ती डोळा दाखवायला एवढ्या लांबून राजधानीत, बोगोताला आली होती, आणि त्यानं तिला खोलीवर बसवून नीट बजावलं होतं. पण घरमालकीण एक नंबरची खाष्ट. दिवसा पाहुणे चालणार नाहीत म्हणून तिनं म्हातारीला जिना दाखवला.

एवढं बजावायचं कारण? लिओनिदास दक्षिणेच्या डोंगरातल्या पास्तोकडचा. तिकडचा म्हटलं की राजधानीत लोक आधी हसतात, मग नाव विचारतात. देशातला कुठलाही येडेपणाचा विनोद घ्या, त्यातला येडा पास्तोचाच. पहिल्या दुकानात पोरानं ते सोसलं, आणि या दुकानात आला तो आपण काली शहरचे असं सांगूनच. वर कडी म्हणजे पास्तोचे विनोद सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कसं असेल? तिकडचं बोलणं त्याला आईच्या दुधातूनच मिळालेलं. गिऱ्हाइकं त्याचीच खुर्ची मागायची. त्या खुर्चीवर त्याचं पोट होतं.

"कोण हो या?" मालक एवारिस्तोनं विचारलं.

"आमच्या शेजारी राहतात," लिओनिदास म्हणाला.

आईनं ते ऐकलं. गाठोडं मांडीवर ओढलं आणि भिंतीकडे बघत बसली.

"काय रे, आज मूग गिळून बसलास?" वकीलसाहेब म्हणाले. "तो दाराचा विनोद सांग की."

"घसा बसलाय, साहेब."

"मग मी सांगतो!" एवारिस्तोनं कात्री खाली ठेवली. लिओनिदासनं मागे वळून हात हलवला. "अहो मालक, नको," म्हणेपर्यंत गडी सुरूही झाला.

"तर एकदा तिथला गालेरास ज्वालामुखी गुरगुरायला लागला. वरून राख, खालून हादरे, लोक पळतायत. आणि एक पास्तोवाला घराचं दार उचकटून घेऊन पळतोय! लोक म्हणाले, अरे येड्या, दार कशाला? तर म्हणतो कसा, चोर आले तर आता फोडतील काय?"

नंबर लावून बसलेल्यांचा बाक हसून हसून हलला. लिओनिदास काही हसला नाही. चोराची गोष्ट त्यानं स्वतः रचलेली होती. दार मात्र खरं होतं, आणि ते कुणी उचकटलं हे त्या दुकानात दोघांनाच ठाऊक होतं.

"दार त्यानं एकट्यानं नव्हतं नेलं," आई हळूच म्हणाली.

झालं. ते हेल कानावर पडताच वकीलसाहेब खुर्चीत वळले. "अरे वा! ही तर अस्सल तिकडचीच! बोला आजी, अजून बोला. त्या गाठोड्यात काय, भाजलेला उंदीर?"

"उंदीर नाही, कुई आहे. आमच्याकडे सशासारखी पाळतात, खायला."

पुन्हा हशा. "आणि दाराचं काय म्हणत होता?"

आईनं लिओनिदासकडे पाहिलं. एकच क्षण. मग पदर सारखा करावा तशी शाल सारखी केली. "मला काय ठाऊक, बाबा. मी शेजारीण."

त्यानं वस्तरा कापडाला पुसला. ती गप्प राहणार होती, हे त्याला दिसत होतं. उद्या खुर्ची शाबूत, गिऱ्हाइकं शाबूत. आणि ही अशीच उठून परतीची बस पकडणार, जन्मभर शेजारीण होऊन.

"ती माझी आई आहे," तो म्हणाला. "त्या दारावर ती झोपली होती. माझ्या वेळच्या कळा सुरू झालेल्या. चालता येईना म्हणून बापानं दार काढलं, एक टोक त्यानं धरलं, एक मामानं. चोराचं मी घुसडलं."

कुणी हसेना.

"म्हणजे तू...?" वकीलसाहेबांचा हात गळ्याशी गेला.

"पास्तोचा. मान वर करा साहेब, एक गाल राहिलाय."

साहेबांनी मान वर केली नाही. उठले, अर्ध्या फेसासकट पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. "एवारिस्तो, राहिलेली दाढी तू कर." मालकानं लिओनिदासकडे न बघता ब्रश उचलला. बाकावर लिओनिदासचा नंबर लावून बसलेला एकजण वर्तमानपत्र चाळू लागला.

तेव्हा आई उठली आणि त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली. "प्रवासात वेणीचा पार बोऱ्या वाजलाय. विंचरून दे."

त्यानं कंगवा घेतला.

"येडा होताच बरं का तुझा बाप," ती आरशाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बिजागऱ्या वाटेत कुठं टाकल्या कोण जाणे. परत आलो ते दाराच्या जागी घोंगडी टांगून राहिलो."

"आणि चोर?" वर्तमानपत्रामागून कुणीतरी विचारलं.

"चोर काय नेणार होता? घरात होता हा एक, तोही रात्रभर बोंबलणारा."

वर्तमानपत्र हललं. माणूस हसत होता, पण कुणाला, ते लिओनिदासला आरशातून कळेना. त्यानं मान खाली घातली आणि वेणीतली पहिली गाठ सोडवायला घेतली.