दुपारी बाराची ओहोटी

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. गुन्हेगार पकडल्याच्या आठवणी सगळेच सांगतात. ही आठवण मी एका निर्दोष माणसाला जवळजवळ कोठडीत टाकल्याची आहे.

तेव्हा मी पेणला फौजदार होतो. मी घाटावरचा माणूस. पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर पाटाचं, एवढीच माझी अक्कल. पेणकडे खाडीकाठच्या गावांत बांध घालून समुद्राचं पाणी अडवतात आणि आत भात पिकवतात. बांधाला लोखंडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला घट्ट बंद ठेवायचं. भरतीला उघडं राहिलं तर खारं पाणी आत शिरतं आणि जमीन दोन-तीन वर्षं कामातून जाते.

श्रावणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणारा गावच्या बांध समितीचा सदस्य होता. बांधालगत त्याचा कोळंबीचा तलाव होता.

"साहेब, काल दुपारी बाराला, ऐन भरतीत राखणदारानं उघाडी उघडी टाकली. सगळी शेती खारी झाली."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली. मी जाऊन पंचनामा केला. भाताच्या बुडाशी साचलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तर खारट. बायका बांधावर बसून होत्या.

उघाडीच्या किल्ल्या दोन. एक समितीकडे, दुसरी राखणदाराकडे. राखणदार पन्नाशीचा, कमी बोलणारा.

"मी एकदाच उघडली, साहेब. सांजच्याला, साडेपाचला. ओहोटी होती. शेतात पानी जास्ती दिसलं म्हनून काढून दिलं. माझं पन दीड एकर त्यातच हाय."

अडचणीत आलेला माणूस असं काहीतरी सांगतोच, असं मी मनाशी म्हटलं.

उघाडीला नुकतीच एक पेटी बसवली होती. दार कधी उघडलं आणि तेव्हा खाडीचं पाणी किती उंच होतं, ते ती नोंदवायची. तिचा प्रोग्रॅम रोह्याकडच्या एका इंजिनियर बाईंनी लिहिला होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून नोंदींची फाईल आली. तारीख उलटी, वर्षापासून सुरू होणारी, मग इंग्रजी टी, मग वेळ आणि शेवटी झेड.

ठाण्याची लिखापढी करणाऱ्या हवालदाराने, आमच्या रायटरने विचारलं, "साहेब, या अक्षरांचं काय करू?"

"कॉम्प्युटरचा कचरा आहे तो. तारीख आपल्या पद्धतीने लिही, अक्षरं सोडून दे."

त्याने सुबक तक्ता करून दिला. अमावास्येला दार दोनदा उघडलं होतं, सकाळी सहा चाळीसला आणि दुपारी बारा पाचला. संध्याकाळची नोंदच नव्हती. राखणदार खोटा पडला.

सकाळभर त्याला प्रश्न विचारले, आवाज चढवला. खोटं बोलणारा तिसऱ्यांदा विचारलं की तपशील वाढवायला लागतो, हा माझा अनुभव. हा वाढवेना की कमी करेना. "सांजच्याला साडेपाच", एवढंच. तिथेच मला खटकायला हवं होतं. त्याऐवजी मी चिडलो आणि दुसऱ्या दिवशीच्या अटकेचे कागद तयार करायला सांगितले. गावाने तर निकाल आधीच दिला होता. त्याच्या घरी कोणी जात नव्हतं, गिरणीत दळणही घेत नव्हते.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. सारा जन्म मिठागरात गेलेली बाई. तक्ता माझ्या टेबलावरच होता.

"मना वाचता येत नाय, पन आकडं कलतात," असं म्हणत तिने बोट ठेवलं. "ह्ये काय?"

"दार उघडल्याची वेळ."

"आनि ह्ये?"

"तेव्हाची खाडीच्या पाण्याची उंची."

ती चक्क हसली. नवरा कोपऱ्यातून म्हणाला, "गप गो." ती कसली गप्प बसते!

"साहेब, अवसेला दुपारी बाराला खाडी सुकी? नि सकाळी तुडुंब? अवसेला बाराला भरती नि सहाला ओहोटी, माझ्या आज्यापास्नं हाय ह्ये. एकतर दर्या चुकला, नायतर तुमचा कागुद."

दर्यावर समन्स काढता येत नव्हतं, म्हणून मी कागदाच्या मागे लागलो.

मूळ फाईल घेऊन नागोठणे, खांब ही गावं करत रोहा गाठलं. इंजिनियर बाई रोह्यालगत वरशाला राहायच्या. माझा तक्ता पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"झेड कुठे गेला?"

"काढून टाकला."

"अहो, तीच तर खूण आहे! प्रोग्रॅम वेळ साठवतो ती जागतिक घड्याळाची. यंत्र कुठल्याही देशात नेलं तरी गोंधळ नको म्हणून. माणसाला दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे. माझ्या स्क्रीनवर ते आपोआप होतं. तुम्हाला मी कच्च्या नोंदी पाठवल्या, झेड बघून तुम्हाला कळेल असं वाटलं."

मी बोटांवर मिळवून पाहिलं. बारा पाचचे झाले संध्याकाळचे पाच पस्तीस. सहा चाळीसचे झाले दुपारचे बारा दहा.

"मग पहाटे तीनला दार उघडलं तर?" मी विचारलं.

"तर तारीखसुद्धा आदल्या दिवसाची दिसेल."

मी तासभर शंका विचारत बसलो. गंमत वाटत होती आणि तेवढीच स्वतःची लाजही.

परतताना गाडीत दुसरीच गोष्ट डोक्यात आली. फोन आला पहिल्या सकाळी आणि फाईल आली त्यानंतर दोन दिवसांनी. मग बाराची वेळ त्या सदस्याला कोणी सांगितली?

त्याला बोलावलं आणि डायरी पुढ्यात उघडून ठेवली.

"अमावास्येला दुपारी कुठे होतात?"

"पेणला, बाजारात."

"मग उघाडी बाराला उघडली हे कसं कळलं?"

"गावात सगळे बोलतात ना, साहेब, तुमच्याच कागदावर हाय. बारा पाच."

"ती नोंद संध्याकाळची आहे. आणि कागद यायच्या आधीच तुम्ही फोनवर बारा म्हणालात."

त्याने पाणी मागितलं. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. तलावाला खारं पाणी हवं होतं आणि समितीची किल्ली त्याच्याच घरी असायची. दहा मिनिटं उघडू म्हणाला, पण दारात ओंडका अडकला आणि ते बंद होईपर्यंत दीड तास गेला. मग घाबरून त्याने राखणदाराचं नाव पुढे केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

राखणदाराची मी सगळ्या स्टाफसमोर माफी मागितली. तो संकोचून उभा राहिला.

"मंग मशीन खोटं बोललं व्हय, साहेब?"

"नाही. ते पहिल्यापासून खरंच सांगत होतं. मीच त्याचं अक्षर गाळलं."

"मी पन खरंच सांगत हुतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक रायटरला मी एकच ताकीद देत आलो. कळत नाही म्हणून काही गाळायचं नाही, आधी विचारायचं. पण मला स्वतःला जे लागलं ते वेगळंच. राखणदाराचा जबाब सगळा वेळ माझ्याच टेबलावर पडून होता. त्यात त्याने वेळ सांगितली होती साडेपाच. पेटीची नोंद निघाली पाच पस्तीस. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, त्याने ती वेळ खाडीच्या पाण्याकडे बघून सांगितली होती.